हातोडीचा आवाज कुणाचा?

एक छोटी परीक्षा घेतो. डोळे मिटा आणि निंजा हातोडीला आठवा. (मूळ जपानी नाव हात्तोरी, पण आपल्याकडे सगळ्यांनी त्याची हातोडी करून टाकली आहे, तर तीच राहू दे.) तो केनिचीला काहीतरी समजावतोय असं डोळ्यासमोर आणा. आला ना आवाज कानात? आता नॉडी आठवा. तोही आला असेल. आता डोरेमॉन. तोही आला.

छान. आता हे तीन आवाज हिंदीत कुणी दिले त्यांची नावं सांगा.

बोंबला ना? ऑफिसात जेवायच्या टेबलावर हीच परीक्षा घेतली होती. आठ जण होतो, मी सोडून सगळे पंचविशी-तिशीतले, म्हणजे शाळेतून आल्यावर दप्तर फेकून टीव्हीसमोर बसणाऱ्या पिढीतले. सहा जणांनी हातोडीची नक्कल करून दाखवली. एकाने तर इतकी हुबेहूब केली की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली :) नाव मात्र एकालाही सांगता आलं नाही.

उत्तर असं आहे. निंजा हातोडी आणि नॉडी, दोघांचाही हिंदी आवाज मेघना एरंडे यांचा. डोरेमॉनचा सोनल कौशल यांचा. पैकी मेघना एरंडे म्हणजे आपल्या मराठी अभिनेत्री, मराठी मालिकांतही त्या दिसल्या आहेत. पण लाखो घरांत रोज संध्याकाळी त्या पोचायच्या त्या चेहऱ्याशिवाय आणि नावाशिवाय. आजचं लिखाण त्या नावाबद्दल आहे. सौजन्य, कौतुक वगैरे ठीकच आहे, पण नाव लागण्या-न लागण्यात आता पैसा आणि हक्क दोन्ही अडकलेत, आणि ते लोकांच्या लक्षात येत नाहीये असं मला वाटतं.

आधी थोडं या कामाबद्दल.

कार्टूनमधला दहा वर्षांचा मुलगा बहुतेक वेळा बाई बोलते. कारण साधं आहे. खऱ्या दहा वर्षांच्या मुलाला घेतलंत तर तीन-चार वर्षांत त्याचा आवाज फुटतो आणि तुमची मालिका तर पंधरा वर्षं चालायची असते. बाईचा आवाज त्या मानाने टिकतो. त्यामुळे जगभर हेच चालतं. 'द सिम्पसन्स'मधला वात्रट बार्ट १९८७ पासून नॅन्सी कार्टराइट बोलते. जपानीत डोरेमॉनचा आवाज १९७९ पासून २००५ पर्यंत नोबुयो ओयामा यांचा होता (२०२४ मध्ये त्या गेल्या, नव्वद वर्षांच्या होत्या). 'ड्रॅगन बॉल'मधला गोकू १९८६ पासून मासाको नोझावा करतात. आणि आपला हातोडी? १९८१ ते १९८७ या काळातल्या मूळ जपानी मालिकेत त्याचा आवाज जुंको होरी यांचा होता, म्हणजे तिथेही बाईच. गल्लीतल्या पोरांचे जेवढे म्हणून हीरो होते, त्यातले निम्मेअधिक बायका होत्या. पोरांना हे कळलं असतं तर काय झालं असतं कुणास ठाऊक!

दुसरं म्हणजे, डबिंग हा अभिनय आहे आणि तोही हातपाय बांधून करायचा. रंगभूमीवर नट स्वतः थांबतो, स्वतः श्वास घेतो. इथे दुसऱ्याच कुणीतरी, दुसऱ्याच भाषेत, कधी कधी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ठरवून ठेवलेलं असतं की तोंड कधी उघडणार आणि कधी मिटणार. कानात मूळ भाषा, समोर चित्र, हातात हिंदी संहिता. तोंड हलतंय तेवढाच वेळ बोलायचं. एक शब्द जास्त झाला तर चित्र गप्प आणि आवाज चालू. एक कमी पडला तर चित्र नुसतंच आ वासून बसलेलं. आम्ही प्रोग्रामर मंडळी दुसऱ्याने लिहिलेल्या जुन्या कोडला धक्का न लावता त्याला आपलं काम जोडतो ना, साधारण तसंच, फक्त इथे शिवाय हसायचं, रडायचं आणि झाडावरून पडल्यावर ओरडायचंही असतं.

भाषेची गंमत आणखी वेगळी. जपानीत क्रियापद हिंदी-मराठीसारखंच वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे हातोडी ज्या क्षणी हात उडवून जोर देतो, तिथे हिंदी वाक्यातही जोराचा शब्द आणून ठेवता येतो. नॉडी मुळात इंग्रजी, एनिड ब्लायटनच्या १९४९ च्या पुस्तकातला. इंग्रजीत 'नाही' वाक्याच्या मध्येच येतो आणि हिंदीत मागे सरकतो. नॉडी मुंडी हलवून मोकळा झालेला असतो आणि हिंदीतला नकार अजून यायचाच असतो. तो धागा जुळवणं संहिता लिहिणाऱ्याचं अर्धं काम आणि माइकपुढच्या बाईचं अर्धं. एकच व्यक्ती सकाळी नॉडीचा भाबडा, गोड, जरासा घाबरट आवाज काढते आणि त्याच गळ्यातून हातोडीचा ठाम, सगळं येतंय अशा थाटाचा आवाज काढते. आपण दोन्ही ऐकतो आणि एकाच व्यक्तीचे आहेत असा संशयही येत नाही. हे सोपं नाही हो.

आता जरा रामवाडीला जाऊ.

माझ्या मामाचं घर पेणला, रामवाडीत. एसटी स्टँडपासून चालत जाण्यासारखं. २००९ च्या गणपतीत गेलो होतो तेव्हा मामेभावाचा मुलगा पाच वर्षांचा होता. घरात सगळे मराठी, आळीत सगळे मराठी, बालवाडी मराठी. आणि हा पठ्ठ्या आजीला हिंदीत सांगत होता की आज आपल्याला भूक नाही, आणि तेही हातोडीच्या सुरात. मामी चुलीपाशी मोदक वळता वळता त्याला मराठीत दटावत होती. "अरे माझ्या बाबा, हे कुठलं बोलणं तुझं?" मामाने खुंटीला टांगलेल्या पिशवीतून पानाचा डबा काढला आणि म्हणाला, "त्याला हिंदीचा मास्तर लागायचा नाही बघ. मास्तर त्या डब्यात बसलाय."

मास्तर नव्हता, बाई होत्या. मला यातली गोष्ट फार मजेशीर वाटते. पेणच्या पोराला हिंदी शिकवली ती एका मराठी बाईने, जपानी पोराच्या तोंडून. मराठी पोरांच्या मराठीचं काय झालं, आपल्या भाषेत कार्टून का आली नाहीत, हा मोठा विषय आहे आणि त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. इथे मुद्दा एवढाच की आई-आजीच्या खालोखाल ज्या माणसाचा आवाज त्या मुलाने लहानपणी सर्वांत जास्त ऐकला, त्या माणसाचं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं. माहीत होण्याची सोयच नव्हती. मालिका संपायची, शेवटची पाटी यायच्या आतच जाहिरात सुरू व्हायची. आणि पाटी दिसलीच तरी ती मूळ मालिकेची. हिंदीत कोण बोललं ते त्यावर कशाला असेल?

हा प्रकार नवा नाही आणि फक्त आपल्याकडचाही नाही. अमेरिकेत मेल ब्लँक नावाचा अवलिया होता, बग्ज बनी आणि डॅफी डक या दोघांचाही आवाज. त्याने आत्मचरित्रात सांगितलंय की मालकाकडे पगारवाढ मागितली, मालकाने ती नाकारली, मग तो म्हणाला की निदान पडद्यावर नाव तरी द्या. मालकाला वाटलं, फुकटात सुटलो. १९४० च्या दशकातली गोष्ट. पण ते नाव पडद्यावर लागल्यावर रेडिओवाले त्याला शोधत आले. पगारवाढीने जे मिळालं नसतं ते नावाने मिळालं.

याच गोष्टीची दुसरी बाजू म्हणजे जून फोरे. १९१७ सालचा जन्म. बग्ज बनीच्या जगातली चेटकीण हेझल तिची, १९५० च्या दशकाच्या मध्यापासून ट्वीटी पक्ष्याची आजीबाई तिची, १९५९ पासून टीव्हीवर रॉकी नावाची उडती खार तिची. त्या जुन्या कार्टूनपटांवर नाव मात्र ब्लँकचंच लागायचं, तिचं नाही. दिग्दर्शक चक जोन्स यांचं एक वाक्य प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा, की जूनला बायकांमधली मेल ब्लँक म्हणू नका, मेल हाच पुरुषांमधली जून फोरे होता. बाईंनी पुढे काय केलं? नुसती तक्रार करत बसल्या नाहीत. १९७२ साली अ‍ॅनिमेशनवाल्यांसाठी अ‍ॅनी पुरस्कार सुरू करण्यात पुढाकार घेतला. ऑस्करमध्ये पूर्ण लांबीच्या अ‍ॅनिमेशनपटासाठी वेगळा पुरस्कार हवा म्हणून वर्षानुवर्षं मागे लागल्या, तो २००२ मध्ये पहिल्यांदा दिला गेला. स्वतःला अभिनयासाठी एमी मिळालं तेव्हा, म्हणजे २०१२ मध्ये, त्या चौऱ्याण्णव वर्षांच्या होत्या. २०१७ मध्ये शंभरी पुरी व्हायला दोन महिने कमी असताना गेल्या.

आमच्या धंद्यातही हे घडून गेलंय. १९७० च्या दशकात अटारी कंपनी व्हिडिओ गेम करणाऱ्या प्रोग्रामरांची नावं कुठेच छापत नसे. वॉरेन रॉबिनेट नावाच्या पोराने 'अ‍ॅडव्हेंचर' या गेममध्ये एक गुप्त खोली बनवली आणि आत स्वतःचं नाव लिहून ठेवलं. कंपनीला पत्ता नाही. एका शाळकरी मुलाने खेळता खेळता ती खोली शोधली. तेव्हापासून असल्या लपवलेल्या गमतीला 'ईस्टर एग' म्हणतात. आणि अटारीचेच काही प्रोग्रामर श्रेय आणि पैसे या दोन कारणांवरून १९७९ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन काढली. तिथे गेमच्या खोक्यावर आणि पुस्तिकेत गेम करणाऱ्याचं नाव असायचं. आज आपण गिटवर एक स्वल्पविराम बदलला तरी आपलं नाव आणि वेळ कायमची नोंदली जाते. (कधी कधी नको असताना सुद्धा!) तेव्हा या बाबतीत तरी आयटीवाल्यांनी डबिंगवाल्यांपेक्षा आपण बरे आहोत हे मान्य करायला हरकत नाही.

पण इतकं लांब जायचं कारणच काय? आपल्या मुंबईत हा प्रश्न एकदा सुटलेला आहे.

१९४९ साली 'महल' आला. त्यातलं ते गाणं, सगळ्यांना माहीत असलेलं, तबकडीवर कुणाच्या नावावर होतं? 'कामिनी'च्या. कामिनी म्हणजे सिनेमात मधुबालाने केलेलं पात्र. तेव्हा तशीच रीत होती. गाणारीचं नाव नाही, पात्राचं नाव. गाणं रेडिओवर लागलं आणि श्रोत्यांची पत्रं सुरू झाली की बाई कोण आहे ते सांगा. शेवटी नाव जाहीर झालं, लता मंगेशकर. त्यानंतर दीदींनी हा विषय सोडला नाही. फिल्मफेअरमध्ये पार्श्वगायनाला पुरस्कार नाही म्हणून त्यांनी त्या सोहळ्यात गायला नकार दिला. १९५९ मध्ये तो पुरस्कार सुरू झाला आणि पहिला 'मधुमती'साठी त्यांनाच मिळाला. पुढे गाण्याच्या रॉयल्टीसाठी त्या भांडल्या, त्यासाठी वाईटपणाही घेतला.

आज पार्श्वगायकाचं नाव नसलेलं गाणं तुम्हाला कुठे दिसेल का? आणि नाव कळल्यामुळे पडद्यावरची मधुबाला कमी सुंदर दिसायला लागली का? "नाव कळलं तर मुलांची जादू जाईल" असं जे म्हणतात त्यांना माझं एवढंच उत्तर आहे. आपला देश तर पडद्यावर एक चेहरा आणि मागे दुसराच गळा, हे सगळं माहीत असून रडण्यात पारंगत आहे. मग पार्श्वगायिकेला जे मिळालं ते पार्श्व-अभिनेत्रीला का नको? हातोडी म्हणजे आजची 'कामिनी'च की.

नोंद ठेवली नाही की पुढे काय घोळ होतो याचं एक उदाहरण देतो, कार्टूनचं नाहीये पण चपखल आहे. १९९३ चा मल्याळम सिनेमा 'मणिचित्रताळू'. (त्याचाच हिंदी अवतार म्हणजे २००७ चा 'भूलभुलैया'.) त्यात शोभनाला दोन आवाज आहेत. साध्या गंगेचा आवाज भाग्यलक्ष्मी या नामांकित डबिंग कलावतीचा. अंगात येणाऱ्या नागवल्लीचाही त्यांचाच, असं केरळात सगळे वर्षानुवर्षं धरून चालले होते. २०१६ मध्ये दिग्दर्शक फाझिल यांनी लिहून सांगितलं की नागवल्लीचा आवाज शेवटी दुर्गा या तमिळ कलावतीचा घेतला होता. तेवीस वर्षं! सिनेमा गाजला, प्रसंग अजरामर झाला आणि जिचा गळा होता तिचं नाव तेवीस वर्षांनी बाहेर आलं. त्यात कुणाची लबाडी होती असंही नाही. कुणी कागदावर लिहून ठेवलं नाही, बस.

आता एक आक्षेप. रामवाडीतच मामेभावाने घेतलेला. मागे मी हे सगळं त्याला सांगत होतो तेव्हा तो म्हणाला, "अरे, आमच्या पेणला एवढे गणपती होतात, कारखान्या-कारखान्यांतून. मूर्तीवर कुणाचं नाव असतं? डोळ्यांची आखणी करणारा माणूस वेगळा असतो, सगळा जीव त्या डोळ्यांत असतो, पण दादर-ठाण्याला गणपती घेणारा म्हणतो पेणचा गणपती. आखणीवाल्याचं नाव कोण विचारतं? तो कुठे रडतोय?"

मुद्दा वजनदार आहे. अनाम राहून उत्तम काम करण्याची आपली परंपरा जुनी आहे आणि ती वाईट नाही. पण त्यात आणि डबिंगमध्ये एक फरक आहे. गणपतीचं विसर्जन होतं. पुढच्या वर्षी नवी मूर्ती लागते, पुन्हा डोळे आखावे लागतात, पुन्हा मजुरी मिळते. त्या कारागिराची गरज दरवर्षी नव्याने निर्माण होते. आवाजाचं विसर्जन होत नाही. एका दुपारी स्टुडिओत बोललेला भाग दहा-पंधरा वर्षं दिवसातून तीनदा लागतो. मग तो मोबाइलवर येतो, मग आणखी कुठल्या ॲपवर. आपल्याकडे डबिंगचे पैसे साधारणपणे एकदाच मिळतात, काम झालं की. पुन्हा दाखवल्याचे वेगळे मिळण्याची पद्धत रुजलेली नाही. ज्या वस्तूचं विसर्जन होत नाही तिच्यावर करणाऱ्याचं नाव हवं, कारण तिचा हिशेब संपतच नाही. मामेभाऊ यावर "हं" म्हणाला. कोकणात "हं" म्हणजे पन्नास टक्के मान्य :)

आणि आता तो हिशेब आणखी वाढलाय. इथून पुढचं जरा कोरडं वाटेल, पण खरा मुद्दा इथेच आहे.

आपला कॉपीराइट कायदा २०१२ साली सुधारला. त्यात कलाकाराला दोन चांगले हक्क मिळाले. 'हे काम माझं आहे' अशी ओळख मिळण्याचा हक्क, आणि आपल्या कामाची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा. शिवाय आपल्या कामाचा व्यापारी वापर झाला तर रॉयल्टीचीही तरतूद आली. उत्तम. पण त्याच सुधारणेत 'कलाकार कोण' या व्याख्येला एक शेपूट जोडलंय. त्याचा अर्थ साधारण असा, की चित्रपटात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, त्याला मोडतोडीविरुद्धचा हक्क सोडला तर बाकी कशासाठी कलाकार धरू नये. ('चित्रपट' म्हणजे कायद्याच्या भाषेत कुठलंही हलत्या चित्रांचं रेकॉर्डिंग, तेव्हा कार्टूनही आलं.)

पुन्हा वाचा. नाव येत नाही हा धंद्याचा रिवाज, आणि त्या रिवाजावरून कलाकारपण ठरणार. हातोडीचा आवाज किरकोळ आहे असं कुणी म्हणणार नाही. पण डबिंगच्या खोलीत एकच बाई हीरोही बोलते आणि त्याच भागात दुकानदारीणही, शेजारची काकूही, गर्दीतली चार मुलंही. त्यातलं किरकोळ काय आणि महत्त्वाचं काय हे कोण ठरवणार? ज्याच्या हातात कंत्राट आहे तोच ना? पाटीवर नाव असतं तर हा वादच उरला नसता.

दुसरी गोष्ट यंत्रांची. मी सॉफ्टवेअरवाला आहे म्हणून सांगतो. एखाद्याच्या आवाजाची संगणकी नक्कल बनवायला सर्वांत उत्तम कच्चा माल कुठला? एकाच माणसाचं, आजूबाजूला गोंगाट नसलेलं, तासन्‌तास रेकॉर्डिंग, आणि सोबत तो नेमकं काय बोलला याचा लिखित मजकूर. राग, आनंद, भीती अशा सगळ्या भावांसकट असेल तर मग काय सोन्याहून पिवळं. आता विचार करा, असा माल अगदी नीट लावून ठेवलेला कुठे सापडेल? डबिंगमध्ये. प्रत्येक पात्राचा वेगळा ट्रॅक, जोडीला संहिता, शेकडो भाग. आम्हाला कामासाठी असा डेटा हवा असला तर महिनोन्‌महिने गोळा करत बसावं लागतं. हा आयता तयार आहे.

कोर्टं याकडे बघतायत, नाही असं नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या आवाजाची नक्कल बनवून देणाऱ्यांना मनाई केली. २०२५ मध्ये आशाताईंच्या बाबतीतही तसाच अंतरिम आदेश दिला. दोन्ही निकाल चांगलेच आहेत. पण त्यांचा पाया काय? की हा आवाज म्हणजे त्या प्रसिद्ध व्यक्तीची ओळख आहे. आशाताईंचा आवाज म्हटला की आशाताई, यात कुणाला शंका नाही. आता हातोडीच्या आवाजाची कुणी नक्कल विकायला काढली तर? आवाज कोट्यवधींना माहीत आहे, पण ते म्हणणार, हा तर हातोडीचा आवाज! गायिकेच्या जागी पुन्हा 'कामिनी' उभी. प्रसिद्धी सगळी पात्राकडे गेली आणि पात्र कंपनीच्या मालकीचं.

अमेरिकेत व्हिडिओ गेमना आवाज देणारे कलाकार याच प्रश्नावर जुलै २०२४ पासून जवळजवळ वर्षभर संपावर होते. त्याआधी १९९८ मध्ये 'सिम्पसन्स'च्या कलाकारांनी मानधनासाठी हट्ट धरला तेव्हा कंपनीने दुसरे आवाज आणू अशी धमकी दिली होती. पण ती चालली नाही, कारण तोपर्यंत लोकांना आवाजांमागची माणसं माहीत झाली होती. एका भागाचे तीस हजार डॉलर होते ते सव्वा लाख झाले. आपल्याकडे मुंबईत आवाज-कलाकारांची संघटना आहे आणि कंत्राटात यंत्राबद्दल स्पष्ट कलम हवं असा तिचा आग्रह आहे. पण ज्याचं नाव प्रेक्षकाला माहीत नाही त्याने हट्ट धरला तर मालक दुसऱ्या दिवशी दुसरा आवाज आणतो आणि आपल्याला फार तर वाटतं, हातोडीला सर्दी झाली असेल.

म्हणून या कलावतींनी स्वतःच सुरुवात केली आहे. सोनल कौशल यांनी यूट्यूबवर स्वतः समोर येऊन सांगितलं की तो आवाज माझा आहे. मेघना एरंडे मुलाखतींत, कार्यक्रमांत एकामागून एक आवाज काढून दाखवतात आणि समोरची मोठी झालेली पोरं वेडी होतात. मला हे बघताना आनंद होतोच, पण रॉबिनेटची ती गुप्त खोली सुद्धा आठवते. जे नाव दारावर लागायला हवं होतं ते आपलं आपण, मागच्या खोलीत जाऊन लिहावं लागतंय.

यावर उपाय फार अवघड आहे असं मला वाटत नाही. शेवटी तीन सेकंदांची एक पाटी, ज्या भाषेत डब झालं त्या भाषेतली: पात्र, आवाज, संहिता, डबिंग दिग्दर्शन. नेटफ्लिक्स बऱ्याच मालिकांच्या शेवटी अशी पाटी लावतं, म्हणजे तांत्रिक अडचण काही नाही. (ती दिसायच्या आत 'पुढचा भाग' सुरू होतो, हा भाग निराळा.) दुसरं, स्टुडिओने आवाजाची फाइल वाहिनीला देताना सोबत नावांचा कागद दिलाच पाहिजे, तो नसेल तर माल घ्यायचा नाही. नावं बहुतेक वेळा याच वाटेवर हरवतात. तिसरं, रेकॉर्डिंग यंत्राला शिकवायला वापरायचं असेल तर त्याची वेगळी लेखी परवानगी आणि वेगळे पैसे.

माझे हे पान वाचणाऱ्यांपैकी बरेच जण अशाच ॲपवाल्या कंपन्यांत आहात हे मला माहीत आहे. तुमच्या डेटाबेसमध्ये नटाच्या नावाचा रकाना असतो, गायकाचा असतो. प्रत्येक भाषेतल्या आवाजाचा रकाना आहे का ते सोमवारी बघा. नसेल तर एक तिकीट टाका. फार तर प्रॉडक्ट मॅनेजर म्हणेल की याला प्राधान्य नाही. म्हणू दे. तिकीट तरी राहील.

आणि घरात लहान मूल असेल तर पुढच्या वेळी कार्टून संपल्यावर त्याला सांगा की हे कोण बोललं. नाव शोधायला दोन मिनिटं लागतात. मुलं असल्या गोष्टी विसरत नाहीत, आणि ती पुढे मोठी होऊन कुठल्या कुठल्या कंपन्यांत, कोर्टांत, वाहिन्यांत बसणार आहेत.

बघा पटतंय का.